वांग्याचा बर्गर: आधी पाणी काढा, मग तवा तापवा

मार्गशीर्षात आमच्या घरी महिनाभर मटण-मासे बंद असतात. बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडीतली बरीच मराठी घरं अशीच आहेत. गेल्या वर्षी त्याच महिन्यात पुण्याहून भाचा आला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मावशी, बर्गर कर की. पण बटाट्याचा नको, तो वडापावासारखा लागतो." चंपाषष्ठी होऊन दोनच दिवस झाले होते. खंडोबाच्या नैवेद्याला भरीत-रोडगे झाले होते आणि भरताची चार वांगी टोपलीत शिल्लक होती. म्हटलं, वांग्याचाच करू.

पहिल्या दिवशी टिक्क्या उलटताना फुटल्या. दुसऱ्या दिवशी बेसन वाढवलं, तर आत कच्च्या पिठाची चव राहिली. तिसऱ्या वेळी टिक्क्या सोडून जाड चकत्या तळल्या, त्यांनी वाटीभर तेल पिऊन टाकलं. चौथ्यांदा मात्र असा जमला, की आईनंही अर्धा मागून घेतला. मागे वळून बघितलं तर तिन्ही वेळा चूक एकच होती. वांग्यात पाणी किती असतं याचा मी विचारच केला नव्हता. १०० ग्रॅम ताज्या वांग्यात साधारण ९२ ग्रॅम पाणी असतं. ते आधी बाहेर काढलं की बाकी सगळं सोपं आहे. खाली लिहिलेलं सगळं त्या एका गोष्टीभोवती आहे.

करायला घेण्याआधी दोन गोष्टी

वांगं कधी आणि कोणाला चालतं हे आपल्या भागात विचारून घ्यावं लागतं. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढातली कांदेनवमी झाली की कांदा, लसूण आणि वांगं बंद होतं. म्हणजे श्रावणात, जेव्हा मांसाहार नसतो आणि बर्गरची आठवण जास्त येते, तेव्हाच या घरांत वांगंही नसतं. तिथे हा बर्गर कामाचा नाही. मार्गशीर्षात चंपाषष्ठी झाली की मोकळीक मिळते, आणि थंडीमुळे बाजारातही तेव्हा सगळ्यात चांगली वांगी येतात.

दुसरी गोष्ट जैन शेजाऱ्यांची. बेळगावात आणि चिकोडी-निपाणीकडे जैन वस्ती मोठी आहे, आणि वांगं बहुबीज, म्हणजे खूप बियांचं, म्हणून बरेच जैन ते खात नाहीत. आमच्या शेजारच्या काकींना मी विचारायच्या आधीच ताट घेऊन गेले. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला वाईट वाटलं. त्यांच्यासाठी आता कच्च्या केळ्याच्या टिक्क्या कांदा, लसूण, आलं, बटाटा न घालता वेगळ्या करते.

काय काय लागेल (६ बर्गर)

- भरताची मोठी वांगी २, मिळून साधारण ७५० ग्रॅम
- भाजलेल्या शेंगदाण्यांचं जाडसर कूट १०० ग्रॅम
- डाळं, म्हणजे आपल्याकडे पुटाणी म्हणतात ते, ६० ग्रॅम, मिक्सरमधून बारीक केलेलं
- उकडलेला मध्यम बटाटा १, पूर्ण गार
- कांदा १, लसूण ६-७ पाकळ्या, आल्याचा लहान तुकडा, कोथिंबीर मूठभर
- घरचा कांदा-लसूण मसाला २ चमचे, मीठ, सुपारीएवढा गूळ, अर्धं लिंबू
- वरून लावायला बारीक रवा अर्धी वाटी आणि तांदळाचं पीठ २ चमचे
- बर्गरचे पाव ६, लोणी, तेल
- घट्ट दही १ वाटी, शेंगाचटणी ३ चमचे

भांड्यांत गॅसवर ठेवायची जाळी, मोठी गाळणी, जाड बुडाची कढई, बिडाचा किंवा जाड लोखंडी तवा आणि त्यावर बसेल असं झाकण एवढं पुरतं. नॉनस्टिक तव्यावरही होतं, पण बिडाच्या तव्यावर येते तशी तांबूस खरपूस कड त्यावर येत नाही.

१. वांगं निवडा

गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात गेलात तर तीन-चार जातींची वांगी एकाच टोपलीत दिसतील. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची लहान काटेरी वांगी भरून करायची, खानावळीत ज्वारीच्या भाकरीबरोबर एण्णेगाई मिळते तिच्यासाठी. ती बर्गरला घेऊ नका, साल जास्त आणि गर कमी. लांबट वांगीही नकोत. मोठं, जांभळं, भरताचं वांगंच घ्या. खेड्यातून आलेल्या विकणाऱ्या बाईंना मराठी कळलं नाही तर "दोड्ड बदनीकाई कोडरी" म्हणा, मोठं वांगंच हातात येईल. बेळगावात नव्यानं राहायला आला असाल तर एवढं वाक्य पाठ असू द्या.

हातात धरून तीन गोष्टी बघा. साल तुकतुकीत आणि देठ हिरवं हवं. अंगठ्यानं दाबून सोडलं की खळगा भरून यायला हवा. तो तसाच राहिला तर वांगं जून किंवा शिळं आहे. आणि आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. आई सारख्या आकाराची दोन वांगी दोन हातांत घेऊन तोलते आणि हलकं असेल ते ठेवते, कारण जड वांग्यात बिया जास्त निघतात. बिया काळपट झाल्या असतील तर टिक्की कडवट होते आणि मग कितीही मसाला घातला तरी तो कडवटपणा लपत नाही.

शेवटी सगळीकडून फिरवून भोक शोधा. देठाजवळचं टाचणीएवढं भोकही सोडू नका. फळ पोखरणारी अळी वांग्यात बऱ्याचदा असते आणि बाहेरून वांगं अगदी धडधाकट दिसतं.

२. चकती की टिक्की, ते ठरवा

वांग्याचा बर्गर दोन तऱ्हांनी होतो. एक म्हणजे बोटभर जाडीची चकती, मसाला आणि रवा लावून तव्यावर भाजलेली. गोव्याकडे आणि आपल्याकडेही वांग्याचे काप करतात, तेच जरा जाड. पाऊण-एक तासात होतं. दुसरी टिक्की, भाजलेल्या गराची. तिला दोन-अडीच तास लागतात, पण धुराची चव, दाताखाली येणारे दाणे आणि पोट भरल्याचं समाधान तिच्यातच आहे.

पहिल्यांदा करत असाल तर चकती करा. वांगं कसं वागतं ते हाताला कळतं. पाहुणे येणार असतील तर टिक्की, पण ती आधी एकदा घरच्यांसाठी करून बघा.

पोषणाचं एक सांगते. १०० ग्रॅम वांग्यात प्रथिनं जेमतेम १ ग्रॅम असतात. मटणाच्या जागी नुसतं वांगं ठेवलं तर मुलं तासाभरात परत खायला मागतात. म्हणून टिक्कीत शेंगदाणे आणि डाळं भरपूर घातलं आहे. या मापानं एका टिक्कीत साधारण ६-७ ग्रॅम प्रथिनं येतात. चकतीच्या बर्गरबरोबर उसळ किंवा ताक-दही द्या.

३. चकती करायची असेल तर

वांगं आडवं कापून दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा. त्याहून पातळ चकती पावात हरवते आणि जाड आतून कच्ची राहते. कच्चं वांगं रबरासारखं लागतं आणि काहींच्या जिभेला खाजही सुटते.

सहा चकत्यांना दोन्ही बाजूंनी मिळून अर्धा चमचा मीठ चोळा, स्वच्छ पंचावर पसरा, वर दुसरा पंचा घालून पोळपाट ठेवा. अर्ध्या तासानं पोळपाट उचलाल तेव्हा पंचा ओला झालेला असेल आणि चकत्या जरा लवचीक. हे मीठ फक्त चवीसाठी नाही. वांग्याचा गर स्पंजासारखा, हवेच्या बारीक कप्प्यांनी भरलेला असतो, म्हणून ते तेल पितं. मिठानं पाणी सुटलं की हे कप्पे खाली बसतात आणि तेल शिरायला जागा कमी राहते. तिसऱ्या दिवशी मी हेच केलं नव्हतं. चकती तेल पीत गेली आणि मी वरून ओतत गेले.

चकत्या धुऊ नका, कोरड्या पुसून घ्या. मसाला, लसूण आणि लिंबाचा रस यांचा दाटसर लेप लावा, पण त्यात मीठ घालू नका, आधीचं पुरेसं असतं. रवा आणि तांदळाचं पीठ एकत्र करून त्यात घोळवा. तवा मध्यम आचेवर तापवा, एक चमचा तेल पसरा आणि चकत्या ठेवून झाकण घाला. पाच मिनिटांनी उलटा, आता झाकण नको, कडेनं आणखी एक चमचा तेल सोडा आणि चार-पाच मिनिटं भाजा. काडी मधोमध टोचून बघा, लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. झाल्या चकत्या. तुम्ही इथून थेट सातव्या पायरीवर जा.

४. टिक्कीसाठी वांगं भाजा

भाजण्याआधी प्रत्येक वांग्याला देठाकडून खाली दोन उभ्या चिरा द्या, पण देठ जोडलेलं राहू द्या. चिर फाकवून आत बघा. अळी असेल तर इथेच दिसते. चिर दिल्यामुळे वांगं जाळीवर फुटतही नाही. अक्खं वांगं टोचे न मारता भाजलं तर आत वाफ कोंडते आणि गरम गर अंगावर उडू शकतो.

साल पुसून तेलाचा हात लावा, जाळीवर मध्यम आचेवर ठेवा आणि दर तीन-चार मिनिटांनी वळवा. मोठ्या वांग्याला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. साल काळी होऊन भेगा पडल्या आणि देठाजवळ दाबल्यावर सुरी सहज आत गेली की झालं. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी शिजतो, तिथे घाई करू नका. आमच्या गावाकडे अजून चुलीच्या निखाऱ्यात वांगं पुरतात, तशी सोय असेल तर अवश्य तसंच करा.

इंडक्शन असेल तर चिरलेलं वांगं तव्यावर झाकून चारही बाजूंनी भाजा. गर काढल्यावर निखारा वाटीत ठेवून वर थेंबभर तूप घाला आणि दोन मिनिटं झाकून धुरी द्या. खिडकी उघडी ठेवा.

भाजलेलं वांगं ताटात घेऊन दहा मिनिटं झाका, साल सुटते. आता एक मोठी चूक टाळायची आहे. ते नळाखाली धरू नका. साल लवकर निघते हे खरं, पण धुराची सगळी चव पाण्याबरोबर जाते आणि गर पुन्हा ओला होतो. शेजारी पाण्याची वाटी ठेवा, बोटं त्यात बुडवून साल सोला. काळे कण थोडे राहिले तर राहू द्या.

५. गरातलं पाणी काढा

हीच पायरी टिक्की जमवते किंवा बिघडवते.

गर सुरीनं जाडसर चिरा. मिक्सरला लावू नका, त्याची पेस्ट होते आणि मग ती कशानंच बांधली जात नाही. चिरलेला गर चिमूटभर मीठ घालून गाळणीत ठेवा, खाली वाटी. अर्ध्या तासात वाटीत तपकिरी पाणी जमतं. बोटानं चाखून बघा. कडवट असेल तर टाका, नसेल तर आमटीत घाला, आमटीला छान धुराचा वास येतो.

त्यानंतर कढईत दोन चमचे तेलावर बारीक चिरलेला कांदा गुलाबी करा, आलं-लसूण आणि मसाला परता, गर घाला आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं हलवत राहा. सुरुवातीला चर्र आवाज येतो, वाफ खूप येते. हळूहळू आवाज बारीक होतो, वाफ कमी होते आणि गर कढईची कड सोडून चमच्याभोवती गोळा व्हायला लागतो. आता चमच्याची पाठ त्यावर दाबून धरा आणि कडेकडे बघा. पाण्याची रेघ उमटली तर अजून दोन मिनिटं परता. फक्त तेलाची चमक दिसली तर गॅस बंद करा. ७५० ग्रॅम वांग्यांचा माझ्याकडे शेवटी साधारण ३०० ग्रॅम गर उरतो. एवढा कमी झालेला बघून पहिल्यांदा जीव हळहळतो, पण तो तेवढाच व्हायला हवा.

मसाल्याबद्दल थोडं. संकेश्वरी मिरची तिखट, ब्याडगी रंगाला. घरच्या तिखटात संकेश्वरी जास्त असेल तर दोनऐवजी दीड चमचाच घाला, कारण पाणी आटल्यावर तिखटपणा वर येतो. गूळ मात्र वगळू नका. गोडी कळत नाही, पण तव्यावर त्यानंच तांबूस रंग चढतो.

६. बांधा, थापा, गार करा

गर पूर्ण गार होऊ द्या. गरम गरात डाळं घातलं तर ते ओल ओढून चिकट होतं. मग किसलेला बटाटा, कूट, डाळ्याचं पीठ, गूळ, लिंबू, कोथिंबीर आणि मीठ घालून हलक्या हातानं एकत्र करा.

डाळंच का? ते आधीच भाजलेलं असतं, त्यामुळे कच्चा वास येत नाही आणि उरलीसुरली ओलही शोषून घेतं. बेसन घालायचंच असेल तर कोरडं खमंग भाजून घाला. पावाचा चुराही चालतो, पण चव पावासारखीच येते. अंड्याची अजिबात गरज नाही.

लिंबाएवढा गोळा करून तळहातावर दाबा. कडेला चिरा पडल्या तर मिश्रण कोरडं आहे, दह्याचा एक चमचा घाला. हाताला चिकटून राहिलं तर अजून चमचाभर डाळं. सहा भाग करा आणि थापा. मटणाची टिक्की तव्यावर आक्रसते म्हणून मोठी थापतात, ही आक्रसत नाही, तेव्हा पावाएवढीच ठेवा. जाडी दोन सेंटिमीटर. ताटात पसरून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. हा अर्धा तास बऱ्याच जणी गाळतात आणि मग तव्यावर टिक्की तुटली म्हणून मला फोन करतात.

भाजण्याच्या अगदी आधी रवा-तांदळाच्या पिठात घोळवा. बिडाचा तवा नीट तापवा, दोन चमचे तेल सोडा आणि टिक्की ठेवल्यावर चार मिनिटं तिला हात लावू नका. खालून कवच धरलं की ती आपोआप सुटते. सुटत नसेल तर अजून झालेली नाही, उलथणं घालून खरवडू नका. रुंद उलथण्यानं एकदाच उलटा आणि आणखी चार मिनिटं ठेवा. एका वेळी तीनच टिक्क्या. जास्त ठेवल्या तर तवा थंड पडतो आणि रवा मऊ होतो.

७. पाव

अय्यंगार बेकरीत नुसतं "बन द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा गोड बन हातात पडतो, कधी टुटीफ्रुटीचाही. बर्गरचा पाव असं स्पष्ट सांगा. पक्के शाकाहारी असाल तर दुसऱ्या बेकऱ्यांत पावावर अंड्याचा हात फिरवला आहे का तेही विचारा, ती चकाकी कधी दुधाची असते, कधी अंड्याची. पाव आडवा कापून आतल्या बाजूला लोणी लावून तव्यावर खरपूस करा. न भाजलेला पाव चटणीनं लगेच ओला होतो.

८. बर्गर रचा

दही पंचात बांधून तासभर टांगा, त्या चक्क्यात शेंगाचटणी, ठेचलेली लसणाची एक पाकळी आणि मीठ मिसळा. बाटलीतल्या सॉसपेक्षा वांग्याला हेच जास्त शोभतं असं माझं ठाम मत आहे. कारळ्याची चटणीही घालून बघा, तिच्या कडवट खमंगपणाची धुराच्या चवीशी छान गट्टी जमते.

पानांसाठी लेट्यूस शोधत फिरू नका. ज्वारीच्या भाकरीबरोबर आपण कच्ची मेथी आणि कांदापात खातोच की. कोवळ्या मेथीची पानं धुऊन, पूर्ण कोरडी करून घाला. खालचा पाव, चटणी, मेथी, गरम टिक्की, कांद्याची चकती, पुन्हा चटणी, वरचा पाव. टोमॅटो घालायचा तर बिया काढून, आणि टिक्कीच्या वर. खाली ठेवला तर पाव भिजतो.

डब्याला आणि पाहुण्यांना

डब्यात रचलेला बर्गर देऊ नका. पाव, टिक्की आणि चटणी वेगवेगळी द्या, मुलं शाळेत लावून घेतात. पाहुण्यांसाठी टिक्क्या आदल्या रात्री थापून फ्रीजमध्ये झाकून ठेवा, रवा मात्र वेळेवरच लावा. रात्रभर ठेवलेल्या टिक्क्या उलट जास्त छान उलटतात. आणि वाढण्याआधी शेंगदाणे आहेत हे सांगा, काहींना ते सोसत नाहीत.

मिश्रण उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यात ज्वारीचं पीठ मळून थालीपीठ लावा. त्याला पाणी लागेल तेवढंच घाला, गराची ओल थोडी तरी असतेच.